कडें, गोळा आणि आंबा घाट

आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटांत, खालच्या फळीवर, तराजूच्या वजनांशेजारीं एक काळवंडलेला आणि एका अंगानें ओरखडलेला ॲल्युमिनियमचा डबा ठेवलेला आहे. डबा असें विद्यार्थी म्हणतात; वस्तुतः तो एका मोटारसायकलचा पिस्टन आहे. दर वर्षीं नववीच्या वर्गांतील कोणी ना कोणी विचारतो, "सर, हा कशाला ठेवला आहे?" आणि दर वर्षीं घंटा होण्यास पांचच मिनिटें उरलेलीं असल्यामुळें मी "पुढें सांगेन" असें म्हणून वेळ मारून नेतों. यंदा वार्षिकाच्या संपादकांनीं मराठी विभागासाठीं कांहींतरी लिहून देण्याचा आग्रह धरला, तेव्हां हें जुनें देणें फेडून टाकावें असें ठरविलें. शिवाय आपल्या बहुतेक पालकांच्या दारांत दुचाकी उभी असते, आणि कित्येक विद्यार्थी अठरा वर्षें पुरीं होण्याची वाट पाहत दिवस मोजीत आहेत, हेंही मला ठाऊक आहे.

माझ्याजवळ वडिलांची जुनी बुलेट मोटारसायकल आहे. १९८६ सालची, ३४६ घनसेंटिमीटरचा एकच सिलिंडर, तोही ओतीव लोखंडाचा. तिची मूळ घडण इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रासेस कंपनी निघाली, आणि तेंच इंजिन थोड्याफार फरकानें २०१० च्या सुमारापर्यंत तेथें बनत राहिलें. माझे वडील पाळक. ह्या गाडीवर त्यांनीं पंचवीस वर्षें खेडोपाडींच्या मंडळ्यांना भेटी दिल्या. कधीं कधीं एका रविवारीं तीन ठिकाणच्या उपासना. गाडीबरोबर त्यांची एक वही आहे, वीतभर लांब, निळ्या पुठ्ठ्याची. तींत तेल बदलल्याची तारीख, किलोमीटरचा आंकडा, टॅपेट केव्हां पाहिले, चेन केव्हां ताणली, हें सर्व शाईनें लिहिलेलें आहे. मधूनच एखादी निराळी ओळ येते : "ओढ्याला पाणी. परत फिरलों." २०११ सालीं कांचबिंदूनें त्यांची दृष्टि अधू झाली, आणि गाडी व वही दोन्ही त्यांनीं माझ्या हवालीं केल्या. गाडी मीं आनंदानें घेतली. वहीची गोष्ट पुढें येईल.

२०१७ सालच्या मे महिन्यांत आम्ही रत्नागिरीस माझ्या सासुरवाडीला गेलों होतों; पत्नी व मुलें एस. टी.नें आणि मी गाडीवर. एके दिवशीं सकाळीं नवाच्या सुमारास कोल्हापुराहून फोन आला. ज्यांनीं मला हायस्कुलांत विज्ञान शिकविलें ते माझे मास्तर पहाटे प्रभूकडे गेले होते. दफनविधि त्याच दिवशीं दुपारीं चार वाजतां होता.

त्यांच्याविषयीं फार लिहीत नाहीं; परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय ह्या लेखाला अर्थ नाहीं. मास्तरांजवळ पितळेचा एक गोळा आणि एक कडें होतें. अठराव्या शतकांतील ग्राव्हेसांडे नांवाच्या डच शास्त्रज्ञाचें नांव ह्या साहित्याला आहे, आणि आपल्याही प्रयोगशाळेंत तें आहे. थंड गोळा कड्यांतून आरपार जाई. मास्तर तो स्पिरिटच्या दिव्यावर धरीत, मग कड्यावर ठेवीत, आणि तोच गोळा आतां कड्यांत अडून बसे. एवढें दाखवून झाल्यावर दुसरा कोणी शिक्षक फळ्याकडे वळला असता. मास्तर वळत नसत. ते हात मागें बांधून स्वस्थ उभे राहत. आम्हीही स्वस्थ. दोन-तीन मिनिटांनीं गोळा निवे आणि कोणीं हात न लावतां टप्पकन् खालीं पडे. त्या आवाजाला वर्ग हंसे, आणि मास्तरही हंसत. त्या दोन-तीन मिनिटांचा धडा कोणता होता, हें समजण्यास मला बरींच वर्षें लागलीं.

रत्नागिरी ते कोल्हापूर हें अंतर सुमारें १३० किलोमीटर. साडेदहाला निघालों तरी दोनपर्यंत पोंचूं, असा हिशेब करून मीं गाडी बाहेर काढली. सासूबाईंनीं डोळे पुसत पुसत हापूस आंब्यांच्या दोन भरगच्च पिशव्या आणून गाडीच्या पुढच्या लेग-गार्डला दोन्ही अंगांना बांधल्या. एक मास्तरांच्या घरीं द्यायची, एक आमच्या वडिलांना. दुःखाच्या घरीं रिकाम्या हातानें जाऊं नये, ही त्यांची रीत. मला नको म्हणवेना. पिशव्या इंजिनाच्या नेमक्या पुढ्यांत लटकल्या आहेत, हें मीं पाहिलें. पण पाहणें आणि लक्षांत येणें ह्यांत अंतर आहे.

हातखंबा, पाली, नाणीज करीत साखरप्यापर्यंत मीं गाडी अशी पळविली कीं तशी पूर्वीं कधीं पळविली नव्हती. जेथें सरळ रस्ता मिळाला तेथें कांटा ऐंशीच्या खालीं येऊं दिला नाहीं. साखरप्याला क्षणभर थांबावें, चहा घ्यावा, गाडीलाही निवूं द्यावें, असें मनांत आलें. घड्याळ पाहिलें आणि तसाच पुढें निघालों. आंबा घाट लागला तेव्हां दुपारचे बारा वाजून गेले होते. पुढें एक भरलेला ट्रक कण्हत चढत होता. त्याला मागें टाकण्यास जागा नव्हती. मी तीसच्या गतीनें त्याच्या मागें लागलों, आणि पुढें मोकळी जागा मिळतांच झपकन् निघतां यावें म्हणून गीअर खालीं न आणतां वरच्याच गीअरमध्यें गाडी रेटीत राहिलों. समुद्राकडचा वारा पाठीमागून येत होता. अंगाला तो लागतच नव्हता, कारण त्याचा आणि माझा वेग जवळजवळ एकच. जो वारा मला लागत नव्हता तो इंजिनाला तरी कोठून लागणार?

प्रथम, पत्र्याच्या डब्यांत खडे हलवावे तसा आवाज येऊं लागला. मग ताकद कमी झाली. मी मूठ आणखी पिळली. मग तापलेल्या लोखंडाचा वास आला. आणि मग एक कर्कश किंकाळी, आणि मागचें चाक जागच्या जागीं आवळलें. डाव्या हाताचीं बोटें क्लचवर होतीं म्हणून मी हें आज लिहीत आहें. तीं कां होतीं हें मला सांगतां येत नाहीं. वडील गाडी चालवितांना नेहमीं दोन बोटें क्लचवर ठेवीत, एवढें आठवतें. गाडी घरंगळत कठड्याशीं थांबली.

जवळच्या वळणावर करवंदें विकावयास बसलेले दोघे-तिघे धांवत आले. एकानें कळशी आणली आणि ती तो इंजिनावर ओतणार, इतक्यांत त्यांतल्याच एका वृद्ध गृहस्थानें त्याचा हात धरला : "नको रे, तडकेल तो." वृद्धाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलें तर वरचा थर एकदम आकसतो, आंतला आकसत नाहीं, आणि भेग जाते. हें मला, विज्ञानाच्या शिक्षकाला, त्या क्षणीं सुचलें नव्हतें.

वीस मिनिटें गेलीं. मीं किक दाबून पाहिली, ती हलली! पिस्टन सुटला होता. गोळा कड्यांतून खालीं पडला होता म्हणा ना. येथें मी तासभर सावलींत बसलों असतों, तेल पाहिलें असतें, आंब्यांच्या पिशव्या सोडून मागें बांधल्या असत्या आणि मग विसाच्या गतीनें मलकापुरापर्यंत गेलों असतों, तर बहुधा थोडक्यांत निभावलें असतें. मीं घड्याळ पाहिलें. एक वाजत होता. गाडी सुरू केली. आंतून खुळखुळ ऐकूं येत होती ती ऐकली नाहीं असें केलें, आणि निघालों. तीन किलोमीटर गेलों असेन. ती पुन्हां आवळली, आणि ह्या खेपेस कितीही वेळ थांबलों तरी किक हलेना.

कोंकणांत माल पोंचवून कोल्हापुरास रिकामा परतणारा एक टेंपो अडीचच्या सुमारास थांबला. टेंपोवाल्यानें आणि त्याच्या सोबत्यानें गाडी वर चढविली. भाड्याचें बोलूं गेलों तर तो म्हणाला, "मयताला निघालायसा नव्हं? बसा." त्याला मीं आंब्यांची एक पिशवी दिली. पिशवींत हात घातला तेव्हां कळलें कीं, इंजिनाकडच्या बाजूचे आंबे शिजल्यासारखे मऊ झाले होते. पिशवीनें वारा तर अडविलाच, पण निघणारी उष्णताही तिनेंच पोटांत घेतली होती.

कबरस्थानाच्या फाटकाशीं उतरलों तेव्हां सवापांच झाले होते. माती लोटून झाली होती, वर फुलें ठेवलेलीं होतीं, आणि मंडळी परतत होती. मास्तरांच्या पत्नींनीं मला पाहिलें. त्या म्हणाल्या, "तूं येशील म्हणून पाळकसाहेबांना दहा मिनिटें थांबायला सांगितलें होतें रे." दुसरें कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या पिशवींतले शिजलेले आंबे त्यांच्या हातांत देण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एका जाणत्या मिस्त्रीच्या गॅरेजांत इंजिन उघडलें. मिस्त्री साठीचा असेल. त्यानें हेड उतरविण्यापूर्वीं प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो खडूसारखा पांढरा होता. "मास्तर," तो म्हणाला, "गाडी म्हातारी हाय म्हणून बसली न्हाई. तुम्ही तिचं नाक दाबलासा, पेट्रोल तोडलासा, जुन्या तेलावर ठेवलासा, आन् वर डोंगर चढवलासा." चार वाक्यांत चार आरोप, आणि चारही खरे. ते मी क्रमानें सांगणार नाहीं, कारण जो मला अधिक लाजवितो तो आधीं सांगितला पाहिजे.

फेब्रुवारींत मीं गांवांतल्या एका गॅरेजांत कार्ब्युरेटर "ॲव्हरेजला" लावून घेतला होता. म्हणजे मुख्य जेट लहान बसवून पेट्रोल कमी येईल असें करविलें होतें. तें मीच सांगितलें होतें. त्या माणसाचा दोष नाहीं, तो नको म्हणतच होता. लिटरमागें तीन-चार किलोमीटर वाढले, महिन्याकाठीं दीडशें रुपयांच्या आसपास वांचूं लागले, आणि शिक्षकांच्या खोलींत मीं त्याची बढाईही मारली. आतां ह्यांतलें शास्त्र पाहा. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. परंतु चढावर, भार ओढतांना, मिश्रण ह्याहून जरा पेट्रोलकडे झुकलेलें असावें लागतें. कारण जादा पेट्रोलाची वाफ होतांना तें सिलिंडरांतील उष्णता शोषून घेतें. तेंच तोडलें कीं ज्वलन रेंगाळतें आणि पिस्टनचा माथा व एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह भाजून निघतात. सपाट रस्त्यावर तीसच्या गतीनें शाळेंत जातांना हें कधीं कळत नाहीं. प्लग मात्र सांगत असतो. विटकरी किंवा कॉफीसारखा रंग असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर सावध. प्लग काढण्यास एक पाना आणि दोन मिनिटें लागतात. मी तीन महिन्यांत एकदांही काढला नव्हता.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची मुळांतली अडचण मिस्त्रीच्या "नाक दाबलासा" ह्या शब्दांत आहे. पेट्रोलाच्या एकंदर उष्णतेपैकीं चाक फिरविण्याच्या कामीं जेमतेम चौथा हिस्सा येतो. बाकीची पुष्कळशी धुराबरोबर जाते, आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडली पाहिजे. त्यासाठीं सिलिंडरभोंवतीं पातळ कडा एकावर एक काढलेल्या असतात. त्यांना मिस्त्री लोक फिन म्हणतात. त्यांच्यामुळें हवेला लागणारें पृष्ठ वाढतें. पण हवा वाहती पाहिजे. सिग्नलला किंवा रेल्वेच्या फाटकाशीं गाडी चालू ठेवून उभें राहणें, फिनांच्या फटींत चिखल व तेलकट धूळ सांचूं देणें, पुढें पिशव्या बांधणें, हीं सगळीं एकाच जातीचीं पापें होत. चिखल काढायला जुना दांत घासण्याचा ब्रश आणि थोडें रॉकेल पुरतें. मात्र इंजिन गार असतांना.

वरच्या गीअरमध्यें रेटण्याचेंही तसेंच. चढावर गीअर खालीं आणला तर इंजिन अधिक ओरडतें, म्हणून पुष्कळांना वाटतें कीं तें त्रासलें. खरें उलट आहे. फेरे वाढले कीं तेलाचा पंपही जलद फिरतो, प्रत्येक स्फोटावरचा भार हलका होतो आणि तो डब्यांतल्या खड्यांचा आवाज थांबतो. त्या आवाजाला नॉकिंग म्हणतात. त्यांत मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहतां सिलिंडराच्या कोपऱ्यांत आपोआप भडकतें. तो ऐकूं आला कीं मूठ सोडावी आणि गीअर उतरवावा. मीं मूठ पिळली होती.

हेड व सिलिंडर उतरल्यावर मिस्त्रीनें पिस्टन हातांत दिला, तोच हा कपाटांतला. त्याच्या एका अंगाचें ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला फांसलें गेलें होतें. मी बराच वेळ तो पाहत राहिलों. मग गॅरेजमधल्या पोराकडून खडू मागून घेतला आणि फरशीवर आंकडे मांडले. तुम्हीही मांडून पाहा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर लोखंडाचा. ॲल्युमिनियम एका अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्ष भागांपैकीं सुमारें २३ भाग वाढतें. ओतीव लोखंड सुमारें ११ भाग. ह्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर. दोन्ही शंभर अंशांनीं तापलीं असें धरलें तर ॲल्युमिनियम वाढेल सुमारें ०.१६ मिलिमीटर, आणि लोखंड केवळ ०.०८ च्या आसपास. दोहोंमध्यें मोकळीक असते ती मिलिमीटराच्या कांहीं शतांशांचीच. आणि पिस्टन तर सिलिंडराहून कितीतरी अधिक तापतो. त्याच्या माथ्यावर आग असते आणि सिलिंडराला निदान वारा लागतो. पिस्टनला थंड करण्यांत तेलाचाही मोठा वाटा असतो.

मास्तरांचा गोळा आणि मास्तरांचें कडें! पंधरा वर्षें दर जुलैंत मी तें वर्गांत दाखवीत आलों होतों. त्याच कड्यावर बसून घाट चढलों, आणि ज्यांनीं तें मला दाखविलें त्यांनाच शेवटचें पाहण्यास पोंचलों नाहीं. मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला वाटलें, मी खर्चाला भ्यालों.

खर्चही झालाच. सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा करून घेतला, नवा पिस्टन, रिंगा, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, मजुरी. सगळे मिळून साडेसहा हजार रुपये. दीडशें रुपये महिना वांचविणाऱ्याची ही गोष्ट आहे, हें वाचकांनीं विसरूं नये. बोअरचें काम उद्यमनगरांतल्या एका लेथवाल्यानें केलें. कोल्हापूर हें ओतकामाचें गांव; लोखंडाशीं कसें बोलावें हें तेथल्या माणसांना कळतें.

राहिला तेलाचा आरोप. घरीं परत आलों तेव्हां वडिलांना सगळी हकीकत सांगितली. ते आपल्या खुर्चींत बसून शेवटपर्यंत ऐकत होते. रागावतील अशी अपेक्षा होती. रागावले असते तर बरें झालें असतें. ते म्हणाले, "वही आण. शेवटचें तेल केव्हांचें आहे, वाच." मीं वही उघडली. त्यांच्या अक्षरांतल्या नोंदी पानेंच्या पानें चालल्या होत्या, तीन महिन्यांनीं, चार महिन्यांनीं, न चुकतां. मग माझें अक्षर लागलें. आधीं नीट, मग घाईचें, मग नुसत्या तारखा. शेवटची नोंद आदल्या ऑक्टोबरची. मार्चमध्यें तेल बदलायचें होतें. मार्चमध्यें परीक्षांचे पेपर होते. एप्रिलमध्यें निकाल होते. मीं ती तारीख मोठ्यानें वाचली. वडिलांनीं मान हलविली आणि म्हणाले, "बरें. आजची घाल." नवें तेल मिस्त्रीनें भरलेलें होतें; मीं त्याची नोंद शाईनें केली.

तेलाकडे लोक वंगण म्हणूनच पाहतात. परंतु ह्या इंजिनांत दोन लिटरांहून थोडें अधिक जें तेल फिरतें, तें पिस्टनची उष्णता वाहून नेणारा हमालही आहे. तें जळून, पेट्रोल मिसळून पातळ झालें, किंवा मापाच्या खालीं गेलें, कीं हमालांची संख्या कमी झाली आणि ओझें तेवढेंच राहिलें. आमच्या गाडीला २०-डब्ल्यू-५० जातीचें तेल लागतें. निराळ्या इंजिनाला निराळें, आणि तें त्याच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. जुन्या बुलेटचें तेल पाहण्यापूर्वीं ती कांहीं मिनिटें चालवावी लागते, कारण उभ्या गाडींत तेल झिरपून खालच्या भागांत उतरतें आणि पट्टी खोटें बोलते. तसेंच टॅपेटचें. इंजिन पूर्ण गार असतांना, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतांना, पुशरॉड बोटांनीं गोल फिरला पाहिजे, पण वरखालीं खुळखुळतां कामा नये. तो फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं. आणि न मिटलेल्या व्हॉल्व्हला आपली उष्णता हेडकडे देतां येत नाहीं, तो जळतो. हें वडिलांनीं मला चौदाव्या वर्षीं शिकविलें होतें, माझें बोट धरून.

नवा पिस्टन बसविल्यावर मिस्त्रीनें बजावलें होतें : पहिले पांचशें किलोमीटर पन्नासाच्या वर नाहीं, एकाच गतीनें फार वेळ नाहीं, आणि दर अर्ध्या तासानें थांबायचें. त्या महिन्यांत मी शाळेंत रोज उशिरां पोंचण्याच्या बेतानें पोंचत असें, हें आपल्या मुख्याध्यापकांना आठवत असेल. आणखी एक गोष्ट मला तेव्हांच कळली. थंड गाडी सुरू करतांच पळविणें हेंही घातकच. पिस्टन लवकर तापून फुगतो आणि जड लोखंडी सिलिंडर अजून थंडच असतो. म्हणजे कडें तेवढेंच आणि गोळा मात्र वाढलेला. म्हणून पहिलीं दोन-तीन किलोमीटर सौम्यपणें.

ज्यांच्याजवळ नवीन गाड्या आहेत त्यांना ह्यांतलें बरेंच लागू पडणार नाहीं. नव्या बुलेटचें इंजिन हवेबरोबर तेलानेंही थंड होतें, पेट्रोल किती सोडावें हें संगणक ठरवितो, आणि लांबच्या प्रवासाच्या कित्येक गाड्यांना आतां पाण्याचा रेडिएटरच असतो. त्यांत नळाचें पाणी न घालतां कारखान्यानें सांगितलेलें कूलंट घालावें आणि जाळीवरचा चिखल काढावा, एवढेंच सांगतों. पण जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांना एक नवा धोका आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांत पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. इथेनॉलच्या अंगांत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक ग्रॅम इथेनॉलला ९ ग्रॅमच हवा पुरते. म्हणजे जेट तोच राहिला तर मिश्रण आपोआप हवेकडे झुकतें. मीं फेब्रुवारींत पैसे देऊन जें करवून घेतलें, तें आतां कांहीं अंशीं पंपावरच होतें. आमच्या गाडीचा मुख्य जेट मिस्त्रीनें एक पायरी मोठा केला आहे, आणि प्लग पुन्हां विटकरी दिसूं लागला आहे.

२०१८ सालच्या मे महिन्यांत, मास्तरांना वर्ष झालें तेव्हां, मी पुन्हां त्याच रस्त्यानें गेलों. सासूबाईंनीं पुन्हां आंबे दिले. ह्या वेळीं मीं ते मागच्या कॅरिअरवर बांधले. पहाटे साडेपांचला निघालों. साखरप्याला वीस मिनिटें थांबून चहा घेतला, आणि घाट दुसऱ्या व तिसऱ्या गीअरमध्यें चढलों. करवंदांच्या वळणावर तो वृद्ध गृहस्थ दिसला नाहीं. त्याच्या जागीं एक मुलगी बसली होती; तिच्याकडून दोन द्रोण घेतले. मास्तरांच्या घरीं आंब्यांची पिशवी दिली. बाईंनीं एक आंबा हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगले टिकले आहेत कीं." मागच्या वर्षींचें मीं त्यांना कांहीं सांगितलें नाहीं.

तेथून कबरस्थानाकडे गेलों आणि फाटकाशीं गाडी बंद केली. निवतांना इंजिन टक् टक् असा बारीक आवाज करीत होतें. हात मागें बांधून मी तो ऐकत उभा राहिलों. आवाज हळूहळू विरळ झाला, मग थांबला. आणि मी आंत गेलों.